एसीपी गेले, तेव्हा नेमकं कोण गेलं?

(अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक. बाहेर माग सुरू आहेत, त्यांच्याशी आम्ही स्पर्धा करणार नाही. तुम्हाला त्या खडखडाटाची सवय आहे, आम्हाला वर्गातल्या खडखडाटाची होती. (हशा) जे घरी बसून मोबाइलवर ऐकताहेत, त्यांनी पाठीमागचा आवाज म्हणजे यंत्रात बिघाड आहे असं समजू नये. इथे टॉवेल विणले जाताहेत.

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एक मुलगा आमच्याकडे आला. यंत्रमागावर काम करतो, घरात तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठीत बोलला. म्हणाला, "सर, टीव्हीवर एसीपी प्रद्युम्न मेले, त्या रात्री माझी आई जेवली नाही. हे नाटक आहे ते तिला पक्कं माहीत होतं. मग ती वेडी म्हणायची का?" आम्ही म्हटलं, आई अजिबात वेडी नाही, पण का नाही ते सांगायला तासभर लागेल. तो तास आज आहे.

तेव्हा आज तत्त्वज्ञान आहेच, पण ते एका नटाच्या आयुष्यातून. नटाचं नाव शिवाजी साटम. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना चेहरा लगेच आठवेल, नावाला मात्र क्षणभर थांबावं लागेल. तोंडात "एसीपी" येईल. हेच आजच्या व्याख्यानाचं सूत्र समजा. भूमिका आधी आठवते आणि माणूस मागाहून.

बँकेतला रोखपाल

साटम यांचा जन्म २१ एप्रिल १९५०चा. शिक्षण रसायनशास्त्राचं आणि नोकरी सेंट्रल बँक ऑफ इंडियात, रोखपालाची. दिवसभर लोकांचे पैसे मोजून द्यायचे, संध्याकाळी ताळा जुळवायचा आणि मग तालमीला जायचं. आजच्या मुलांना हे विचित्र वाटेल, कारण आता नट व्हायचं म्हणजे नोकरी सोडून मुंबई गाठायची, असं डोक्यात असतं. त्या पिढीची वाट वेगळी होती. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. अमोल पालेकरही बँकेत नोकरीला होते. मराठी रंगभूमीचा मोठा भाग अशा नोकरदारांच्या संध्याकाळच्या वेळावर उभा राहिला. बँका-बँकांच्या आपसांत नाट्यस्पर्धा व्हायच्या आणि साहेब, कारकून, शिपाई सगळे एकाच नाटकात उतरायचे. गंमत अशी की दिवसा जो शिपाई, तो रात्री राजा असायचा.

अशा स्पर्धेत ज्येष्ठ नट बाळ धुरी यांची नजर साटम यांच्यावर गेली आणि 'संगीत वरद' या नाटकात त्यांना काम मिळालं. व्यावसायिक रंगभूमीवरचं ते पहिलं पाऊल. १९८० साली 'रिश्ते-नाते' या मालिकेतून ते दूरदर्शनवर दिसले. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेलं, म्हणजे माध्यम आठ वर्षांचं होतं. एकच वाहिनी, संध्याकाळचे मोजके तास, आणि चाळीत एखाद्याच घरी संच. त्या काळात टीव्हीवर दिसलेला माणूस विसरला जात नसे, कारण दुसरं काही बघायलाच नव्हतं.

याच केंद्रात बातम्यांच्या विभागात एक कॅमेरामन होते, ब्रिजेंद्र पाल सिंग. बी. पी. सिंग म्हणूनच ते ओळखले जातात. त्यांनी ऐंशीच्या दशकात 'एक शून्य शून्य' नावाची मराठी मालिका केली. शंभर हा पोलिसांना बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक, त्यावरून नाव. पोलीस तपासाच्या गोष्टी, आणि त्यात साटम. आमच्या वयाच्या लोकांना ती आठवत असेल. पुढच्या वीस वर्षांचं बी इथे पेरलं गेलं. दिग्दर्शक तोच, नट तोच, पोलिसी तपासही तोच. फरक पडला तो भाषेचा आणि वाहिनीचा. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर हिंदीत 'सीआयडी' सुरू झाली, तेव्हा साटम अठ्ठेचाळीस वर्षांचे व्हायला आले होते. आपल्याकडे त्या वयात लोक निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतात.

एकच दार, पुन्हा पुन्हा

ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. भाग किती झाले, तर १५४७. आपण जरा गणित करू. एका भागाची पाऊण तास धरली, तर साधारण ११६० तास होतात. झोप-जेवण न करता सलग बघायचं म्हटलं तर अठ्ठेचाळीस दिवस लागतील. (हशा) आणि हा झाला बघण्याचा वेळ. करायला किती लागला असेल, ते तुम्हीच ठरवा.

गोष्ट बहुतेक वेळा एकाच वळणाने जायची. प्रेत सापडतं, पथक येतं. एसीपी हाताची बोटं हवेत फिरवत विचार करतात आणि म्हणतात, "कुछ तो गड़बड़ है". दया दार तोडतो, प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे आणि एसीपी एकमेकांना टोमणे मारतात. शेवटी गुन्हेगाराला एक सणसणीत थप्पड. शिकलेली मंडळी याला हसायची. आम्हीही हसलो आहोत, लपवत नाही. स्टाफरूममध्ये त्या हाताच्या नकला व्हायच्या.

पण मग एक दिवस आमच्या लक्षात आलं की आम्ही स्वतः तीस वर्षं तोच देकार्त, तोच कांट, त्याच क्रमाने शिकवला. विनोदसुद्धा तेच. तिसऱ्या आठवड्यातला विनोद पुढच्या वर्षीही तिसऱ्या आठवड्यातच. (हशा) तेव्हा पुनरावृत्तीला हसण्याचा आम्हाला काय अधिकार? आणि तुम्हाला तर हे सांगायलाच नको. मागावर उभं राहिलं की तोच ठोका दिवसभर. टॉवेलचा पन्ना तोच, किनार तीच. तुटलेला धागा दिसला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू. नवख्याला पाच मिनिटांत कंटाळा येईल. पण तुमच्यातला जो जुना कारागीर आहे, त्याला मागाचा आवाज किंचित बदलला तरी कळतं की काहीतरी बिघडलंय. म्हणजे, "कुछ तो गड़बड़ है". (हशा, टाळ्या)

हे हसण्यावारी नेऊ नका. पुनरावृत्तीची दोन रूपं असतात. एकात माणूस झिजतो. दुसऱ्यात त्याचं लक्ष इतकं मुरतं की तेच काम करताना त्याला इतरांना न दिसणारं दिसतं. बहुतेक कामांत ही दोन्ही रूपं एकत्र असतात आणि माणसाचं अर्धं आयुष्य त्यांच्या झगड्यात जातं. या पथकाने २००४ साली एक भाग केला, १११ मिनिटांचा, एकाच शॉटमध्ये. कॅमेरा एकदा सुरू झाला तो मध्ये कुठेही न थांबता शेवटपर्यंत चालला. विक्रमाच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. एकाने वाक्य विसरलं की सगळ्यांची मेहनत पाण्यात. असं धाडस नव्या पथकाला झेपत नाही. सहा वर्षं तेच तेच करून जो विश्वास एकमेकांत तयार झाला होता, तो तिथे कामाला आला. आणि बँकेच्या स्पर्धांत तासभर रंगमंचावर उभं राहायची जुनी सवयही कामाला आली असणार.

दोन बाप

आता साटम यांची दुसरी बाजू बघू. १९९९ साली महेश मांजरेकरांचा 'वास्तव' आला. संजय दत्त त्यात मुंबईचा गुंड, आणि त्याचे चाळीत राहणारे, निवृत्त, साधे वडील म्हणजे साटम. आई रीमा लागू. मुलगा पैसे आणतो, सोनं घालतो, आणि बाप मान खाली घालून बसतो. शेवटी गोळी झाडते ती आई. त्याच सुमारास 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्नचा मुलगा नकुल गुन्हेगारीत जातो आणि बापालाच त्याच्यावर गोळी चालवावी लागते. जवळपास एकाच काळात एकच नट दोन बाप करतो आहे. एकाच्या हातात कायदा आहे, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. दोघांचाही मुलगा हातचा जातो. एसीपी दुःख आवाजात आणतो, दरडावून लपवतो. 'वास्तव'मधला बाप ते खांद्यांत आणतो. टीव्हीचा चौकटी अभिनय करणारा म्हणून ज्याला आपण बाजूला काढतो, त्याच्याकडे हे दोन्ही होतं.

मग २००४चा 'उत्तरायण'. जयवंत दळवींच्या 'दुर्गी' या नाटकावरून बिपिन नाडकर्णींनी केलेला चित्रपट. उतारवयातला एक पुरुष आणि त्याची शाळेतली मैत्रीण, म्हणजे नीना कुळकर्णी, खूप वर्षांनी भेटतात, एवढीच गोष्ट. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात साटम कुणावर ओरडत नाहीत, दार तोडायला सांगत नाहीत. बोलता बोलता थांबतात आणि मैत्रिणीकडे बघतात. ज्यांनी फक्त एसीपी पाहिलेत, त्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. मग 'दे धक्का'तला बाप आठवावा, तो आणखी तिसराच.

मोलकरीण आणि हवालदार

इथे थोडं दूर जाऊ, अमेरिकेत. तिथे मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा ठिकाणांहून आलेल्या, घरात स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना लातिनो म्हणतात. कोट्यवधींनी आहेत. पण तिथल्या पडद्यावर त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं ठरावीक कामं आली. गुंड, माळी, मोलकरीण. लुपे ओंतिव्हेरोस नावाची एक गुणी नटी होऊन गेली. आईवडील मेक्सिकोतून आलेले. ती आधी समाजसेविका म्हणून नोकरी करायची, जसे आपले साटम बँकेत. तिनेच सांगितलं होतं की आपण दीडशेच्या आसपास वेळा मोलकरणीचं काम केलं. दीडशे वेळा! कामाला जायचं तर तिच्याकडून तुटक इंग्रजी बोलून घ्यायचे, आणि ती तर अमेरिकेतच जन्मलेली, शिकलेली बाई.

दुसरा एडवर्ड जेम्स ओल्मोस. १९८४मध्ये 'मायामी व्हाइस' ही पोलिसी मालिका आली. त्यात तो वरिष्ठ अधिकारी झाला, कास्तियो नावाचा. कमी बोलणारा, न हसणारा साहेब. त्याने काम घेताना अट घातली होती की या पात्राबाबत माझा शब्द चालला पाहिजे. १९८५मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. नटाने पात्रावर हक्क मागितला आणि तो त्याला मिळाला, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याच्याशी काम आहे.

आता आपल्याकडे पाहा. हिंदी पडद्यावर मराठी माणूस म्हटला की कोण? हवालदार. पोट सुटलेला, "साब" म्हणत सलाम ठोकणारा. आणि मराठी बाई म्हणजे नऊवारी नेसलेली कामवाली. मुंबईत राहून मुंबईच्याच सिनेमात आपली ही जागा. त्या पार्श्वभूमीवर एक मराठी नट हिंदी मालिकेत सगळ्यात वरचा साहेब होतो आणि वीस वर्षं देशभर त्याचा हुकूम चालतो, ही लहान गोष्ट नाही. त्यांच्या हिंदीत मराठी वळण ऐकू येतं. ते त्यांनी पुसायचा आटापिटा केला नाही. आणखी एक. एसीपी प्रद्युम्न यांचं आडनाव काय? (शांतता) बघा, कुणालाच पटकन येत नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की जात, जिल्हा, भाषा सगळं कळतं. आडनाव पुढे नसलेला हा साहेब कानपूरच्या घरात कानपूरचा झाला आणि आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरात तिथला. आमच्या त्या मुलाची आई घरात तेलुगू बोलते, कामावर मराठी, आणि एसीपी ऐकते हिंदीत. तिला कुठेच परकं वाटलं नाही.

चित्रातला घोडा

आता मूळ प्रश्न. नाटक आहे हे माहीत असून आई का रडली?

हा प्रश्न आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी फार बारकाईने विचारला गेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर काश्मीरमध्ये पंडितांनी टीका लिहिल्या. त्यांतला एक शंकुक. तो म्हणतो, भिंतीवर घोड्याचं चित्र आहे. तुम्ही बघता आणि म्हणता, "हा घोडा". हे ज्ञान खरं आहे का? नाही. कारण त्याला चारा घालायला कुणी जात नाही. मग खोटं आहे का? तसंही नाही, कारण तुमची फसगत झालेली नसते. संशय आहे का, की घोडा असेल किंवा नसेल? छे. मग "घोड्यासारखं काहीतरी" असं तुम्ही म्हणता का? तेही नाही, सरळ "घोडा" म्हणता. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. तुरग म्हणजे घोडा. नटाकडे बघून "हा राम" म्हणतो, ते ज्ञान या चारही प्रकारांहून निराळं, पाचवंच असतं. आईचं एसीपीबद्दलचं ज्ञान असं होतं. तिची फसगत झाली नव्हती.

पण शंकुकाने रडण्याचं पूर्ण उत्तर दिलं नाही. ते भट्टनायकाकडे आणि मग अभिनवगुप्ताकडे मिळतं. शब्द आहे साधारणीकरण. जड वाटेल, पण अर्थ सोपा आहे. रंगमंचावरचं दुःख "रामाचं" राहत नाही, "माझं"ही होत नाही आणि "शेजाऱ्याचं"ही नसतं. ते कुणा एकाचं न राहता सगळ्यांना अनुभवता येईल असं होतं. मुलावर गोळी झाडणारा बाप बघताना तुम्ही तुमच्या मुलाचा विचार करत नाही, पण बापपण मात्र पुरेपूर भोगता. म्हणून ते दुःख असूनही त्यात एक विश्रांती असते. अभिनवगुप्त म्हणतो की त्यासाठी बघणारा सहृदय असावा लागतो. त्याच्या मनात आधीच काही साठलेलं असावं लागतं. दगडाला रस येत नाही.

म्हणजे आई जेवली नाही याचा अर्थ तिच्याकडे ते साठलेलं आहे. वीस वर्षं आठवड्यामागून आठवडे एक वडीलधारा माणूस घरात येत होता. तिच्या स्वतःच्या आयुष्यातली किती माणसं त्या काळात गेली असतील, त्या सगळ्यांचं थोडं थोडं त्या रात्री बाहेर आलं.

आणि नटाचं काय? फ्रान्सचा दिदेरो अठराव्या शतकात म्हणाला की थोर नट स्वतः काही भोगत नाही. तो थंड डोक्याने मोजून मापून करतो, म्हणून रोज तेवढंच चांगलं करू शकतो. रोखपालाला हे पटेल. तो लाखो रुपये हाताळतो आणि एकही त्याचा नसतो. (हशा) उलट सार्त्र १९४३च्या आपल्या ग्रंथात कॅफेतल्या वेटरचं उदाहरण देतो. तो वेटर जरा जास्तच वेटर आहे. चालणं, वाकणं, ट्रे धरणं, सगळं वेटर असण्याचं नाटक. सार्त्रचं म्हणणं असं की माणूस आपल्या भूमिकेत स्वतःला कोंडून घेतो आणि आपण त्याहून जास्त आहोत हे विसरतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू की तो एकटा कोंडून घेत नाही. समोरचे लोकही बाहेरून कडी लावतात.

कडी कोण लावतं?

२०१८ला मालिका थांबली. नंतर साटम यांनी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की घरी बसून कंटाळा आला आहे, आणि जी एखाददुसरी विचारणा होते ती पुन्हा पोलिसाच्याच कामाची. वीस वर्षं जे केलं तेच पुन्हा कसं करू? सत्तरी ओलांडलेला, 'उत्तरायण' केलेला नट, आणि दारात येणारा प्रत्येक जण त्याच्यासाठी पोलिसाचीच वर्दी घेऊन येतो. दीडशे वेळा मोलकरीण झालेल्या ओंतिव्हेरोसचं दुःख आणि हे दुःख सख्खी भावंडं आहेत. साहेबाची खुर्ची असली तरी कोंडणं ते कोंडणंच.

डिसेंबर २०२४मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. आणि एप्रिल २०२५मध्ये बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न मारले गेल्याचं दाखवलं. वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली. लोक हळहळले, चिडले. साटम मात्र धडधाकट होते. त्यांनी सांगितलं की आपण काही काळ सुट्टीवर आहोत, पुढे काय ठरलं आहे ते निर्मात्यांना माहीत. बघा, ज्या पात्रात त्यांनी वीस वर्षं ओतली, ते जगणार की मरणार हे त्यांच्या हातात नव्हतं. ओल्मोसने अट घालून जो हक्क घेतला, तो सगळ्या नटांना मिळत नाही. पुढे ते पात्र मालिकेत परतलंही, पण ते परत आणणंही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होतं.

याच पथकातले दिनेश फडणीस, फ्रेडरिक्सचं काम करणारे, डिसेंबर २०२३मध्ये खरोखरच गेले. त्यांना पटकथा लिहून परत आणता येत नाही. चित्रातला घोडा पुसून पुन्हा काढता येतो. खऱ्या घोड्याचं तसं नाही.

आता जे बोलायचं आहे ते याच वसाहतीत उभं राहून बोलणं जड जातं. एसीपींच्या मरणाला दीड महिनाही झाला नव्हता. १८ मे २०२५ची पहाट. इथल्याच एका टॉवेल कारखान्यात आग लागली आणि आठ माणसं गेली. तुमच्यातले कितीतरी जण त्या रस्त्यावर धावले असतील. तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत, घरं माहीत आहेत. पण सोलापूरबाहेर ती बातमी कशी पोचली? "आगीत आठ ठार." कुणी "मालक", कुणी "कामगार". भूमिका पोचली, माणूस पोचला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली.

आम्ही इथे कुणाला दोष देत नाही. खोट्यासाठी रडलात आणि खऱ्यासाठी नाही, असं त्या मुलाच्या आईला म्हणणं क्रूरपणाचं होईल, शिवाय ते खोटंही ठरेल, कारण ती याच वस्तीतली, ती दोन्ही वेळा रडली असणार. आमचा मुद्दा लांबच्या माणसाचा आहे. त्याला एसीपीचं दुःख का झालं? कारण तो त्यांना वीस वर्षं भेटत होता. त्यांचा हट्ट, विनोद, मुलाचं मरण, सगळं त्याला माहीत होतं. साधारणीकरणाला आधी ओळख लागते. मागावरच्या माणसाची ओळख त्याला कुणी करून दिली नव्हती. तो सोलापुरी टॉवेलने रोज तोंड पुसतो, पण विणणाऱ्याची एक गोष्टही त्याने ऐकलेली नसते.

म्हणून त्या मुलाला आमचं उत्तर असं. तुझी आई वेडी नाही. तिच्याकडे जी करुणा आहे ती नाटकाने वाया घालवली नाही, जागी ठेवली. एसीपींच्या मागे शिवाजी साटम नावाचा माणूस आहे हे जसं आज आपण तासभर बघितलं, तसं प्रत्येक भूमिकेमागे बघायची सवय लावून घ्यायची. वर्दीमागे, हेल्मेटमागे, मागामागे. आणि तुमच्या गोष्टी तुम्ही सांगायला लागायचं. कोण ऐकणार, याची काळजी नंतर करू.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरे

एक श्रोत्या : सर, मी बिड्या वळते. दिवसाला हजार. एकच काम करून माणूस मशीन होतो म्हणतात. मग ते एसीपी कसे नाही झाले?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न आमच्या व्याख्यानापेक्षा चांगला आहे. दोन गोष्टी सांगतो. एक, हात मशीनसारखा चालला तरी डोकं मोकळं राहतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बिड्या वळता वळता तुम्ही किती गप्पा मारता, घरातले किती प्रश्न सोडवता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक भागात साटम यांचं नाव पडद्यावर येत होतं, आणि मोबदलाही मिळत होता. तुमच्या बंडलावर छाप कारखान्याची असते, वळणारीचं नाव नसतं. माणसाचं मशीन व्हायला पुनरावृत्ती एकटी पुरत नाही. त्याचं नाव काढून घेतलं आणि मजुरी तोकडी ठेवली की मग ते होतं.

एक श्रोता (ऑनलाइन) : तुम्ही त्यांना थोर नट म्हणाल, की फक्त लोकप्रिय?

उत्तर : "फक्त लोकप्रिय" हा शब्दप्रयोग आम्ही पूर्वी फार सहज करायचो, आता जपून करतो. थोर कोण हे ठरवायला आणखी शंभर वर्षं जाऊ द्या. तोवर एक करा. रविवारी दुपारी 'उत्तरायण' लावा, आईला शेजारी बसवा, आणि ती कुठे गप्प होते ते बघा.

पहिल्या प्रश्नाचा तो मुलगा : सर, आई आज आली आहे. तिसऱ्या रांगेत.

उत्तर : अरे, मग आधी नाही का सांगायचं! नमस्कार, बाई. तुमच्यामुळे आज आमचा अभिनवगुप्त पुन्हा वाचून झाला. जेवून जा मात्र. (हशा, टाळ्या)